दोरी धरलेला हात

हिरवी जाळी फाटली त्याच दिवशी सासू पडली. सकाळी वावटळ आली आणि रोपवाटिकेवरची सावलीची जाळी मधोमध टराटरा फाटत गेली. दुपारी सासू न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, या वयात हाड सावकाश धरतं, धरलं तर. म्हणजे तिला उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची, सगळं दुसऱ्याच्या हातानं. जिनं जन्मभर सुनेला ऐकवलं, "आपल्या घरात कुणी दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पीत नाही," तिच्यावरच ही पाळी आली.

घरात माणसं तीन. सासू, तिचा मुलगा रोपवाला, आणि त्याची बायको. ती गावातल्या शाळेत चौथीला शिकवायची म्हणून सारा गाव तिला बाई म्हणायचा. चिडला की नवराही बाईच म्हणायचा.

बाईचा दिवस सासूला उचलण्यापासून सुरू व्हायचा. खाटेच्या कडेला एक गुडघा टेकायचा, दोन्ही हात काखेखालून घालायचे आणि "चला आई" म्हणत उचलायचं. सासू वाळून काटकी झाली होती, पण दुखणाऱ्या माणसाचं वजन निराळंच लागतं. तिची नखं बाईच्या मानेत रुतायची. मुलाला ती हात लावू द्यायची नाही. "त्याच्या हातून नको. मी अजून मेले नाही," म्हणायची.

ते झालं की रोपं. जाळी नव्हती, ऊन थेट वाफ्यांवर उतरत होतं. टोमॅटोची आणि मिरचीची कोवळी रोपं नऊच्या आतच माना टाकायची. नळीनं पाणी द्यावं तर धारेनं रोप मोडतं, म्हणून झारीनं द्यायचं. बाई वाकून एकेका ओळीला पाणी द्यायची, नवरा घरातल्या जुन्या चादरी आणि गोणपाटं बांबूंवर ताणायचा, आणि उरलेल्या वेळात फाटकी जाळी मांडीवर घेऊन दाभणानं शिवत बसायचा. त्याची बोटं टोचून टोचून काळी पडली होती. मग बाई हात धुऊन शाळेत जायची. साडीला चिखल तसाच असला तरी मुलं काही म्हणायची नाहीत, त्यांच्याही घरी चिखलच होता.

अशात, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा, शिक्षण खात्याच्या ऑफिसातून निरोप आला. प्रत्येक शिक्षकानं स्वतःच्या अकलेनं एक पाठ तयार करायचा, फोटो आणि आवाज घालून, आणि तो ऑनलाइन चढवायचा. ज्याचा पाठ नमुना म्हणून निवडला जाईल तो शिक्षक आहे त्या शाळेत राहील. बाकीच्यांची नावं उन्हाळ्याच्या बदल्यांत जातील. मागच्या खेपेला इथल्या एका गुरुजींना खाडीपलीकडे टाकलं होतं, ते पंधरवड्यातून एकदा घरी यायचे आणि आल्या आल्या झोपायचे.

"पाठ काय, होईल तुझा. तू काय कुणापेक्षा कमी आहेस?" नवरा म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. अपूर्णांकांचा पाठ करायचा ठरवला, कारण वर्गाची गाडी तिथंच अडली होती. मोबाइल विटेला टेकवून अंगणात बसली आणि बोलायला लागली. अर्धा म्हणजे काय, इथपर्यंत येते तोच आतून हाक आली, "अगं ए!" पुन्हा सुरुवात केली. कोंबडी आडवी गेली. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं असं वाटलं, आणि ऐकून बघते तर मागे सासू शेजारणीला सांगत होती की सून दिवसभर मोबाइलशी बोलत बसते. बाईनं तिन्ही पुसून टाकले. हसू यायला हवं होतं, तिला रडू आलं.

गावात इंटरनेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर यायची. संध्याकाळी रोपांना पाणी घालून झालं की बाई तिथं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाऊन बसायची. तिथंच तिला मोबाइलवर ती जागा सापडली. शिक्षकांनी शिक्षकांसाठी उघडी ठेवलेली, पाठांनी भरलेली. कुलूप नाही, पैसे नाहीत. वरच लिहिलं होतं: घ्या, वापरा, हवा तसा बदला, पुढे द्या. मूळ करणाऱ्याचं नाव मात्र तेवढं ठेवा.

दोरीचा पाठ तिला तिथं मिळाला. साधी सुती दोरी. ती दुमडून अर्धा, पुन्हा दुमडून पाव, मग तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश अर्ध्यापेक्षा मोठा कसा ते दोन दोऱ्या शेजारी धरून. प्रत्येक फोटोत एक उजवा हात होता, वयस्कर बाईचा, शिरा वर आलेल्या. त्याची अनामिका अर्धीच होती, मधल्या पेरापाशी संपलेली. बाईनं सगळे फोटो जिन्यावर बसून एका दमात पाहिले. इतकी वर्षं शिकवून तिला जे सांगता येत नव्हतं ते त्या हातानं न बोलता सांगितलं होतं.

तिनं तो उतरवून घेतला. यात चूक काहीच नव्हती. घ्यावा म्हणूनच तो ठेवला होता. पण नाव ठेवलं असतं तर पाठ दुसऱ्याचा ठरला असता, आणि ऑफिसला तर स्वतःच्या अकलेचा हवा होता. आणि खरं सांगायचं तर तिला लाजही वाटली. घेतला म्हणायची लाज. सासूच्या ओंजळीचं ते वाक्य तिच्या कानात इतकं बसलं होतं की दिलेलं घेण्यापेक्षा चोरलेलं लपवणं तिला सोपं गेलं. पहिलं पान काढून तिथं तिनं आपलं नाव घातलं, फोटोंवर आपला आवाज चढवला. नवे फोटो काढायला दिवस कुठे होता? हात ठेवला आणि नाव काढलं.

पाठ निवडला गेला. ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला तेव्हा नवऱ्यानं दाभण बाजूला ठेवून जोरात टाळी वाजवली. सासूनं पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "आमच्या सुनेनं पाठ केला. सगळीकडच्या शाळांत बघतात म्हणे. कुणाकडं काही मागायला गेली नाही हो." बाई आतल्या आत बारीक होत भांडी घासत राहायची.

वर्गातही तो पाठ चालला, आणि असा चालला की विचारू नका. मुलांनी घरून दोऱ्या आणल्या, कुणी गाईचं दावं आणलं, कुणी नाडीच काढून आणली आणि दिवसभर एका हातानं चड्डी धरून फिरला. वर्गात एक मुलगी होती, शंका विचारून विचारून तिचं नाव शंकाबाई पडलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी उभी राहिली.

"बाई, हा हात कुणाचा?"

बाईचं तोंड तिच्याआधी बोललं. "माझ्या मोठ्या बहिणीचा."

"मग त्यांचं बोट कुठं गेलं?"

"कडबा कापायच्या यंत्रात गेलं. म्हणून सांगते, यंत्राजवळ जायचं नाही."

त्या दिवसापासून वर्गात त्या बहिणीला फार मान मिळाला. कुणी यंत्राजवळ गेलं की पोरं ओरडायची, "बाईंच्या ताईसारखं होईल!" एक खोटं उभं राहायला दुसरं लागतं, आणि इथं दुसऱ्याला मुलांनीच घर बांधून दिलं.

काही दिवसांनी साहेब आले. न सांगता येत नाहीत ते, पण या खेपेला आले. बरोबर एक वयस्कर बाई होत्या, फिकट साडीतल्या, एवढ्या उन्हातही पदर खांद्यावरून पुढे घेऊन हाताभोवती गुंडाळलेल्या. "या पलीकडच्या भागातल्या," साहेब म्हणाले. "निवृत्त झाल्यात, पण पाठ तपासायला आम्हाला मदत करतात. ऑफिसात तुमचा पाठ भिंतीवर लावला होता, तो बघितला आणि म्हणाल्या, मला हा वर्ग बघायचाच आहे."

बाईनं नमस्कार केला. थोरल्या बाईंनी मान झुकवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. चेहरा शांत होता. बाईला काहीच कळलं नाही.

"चला, दोऱ्या काढा," बाई म्हणाली. "तिसरा हिस्सा दाखवा."

साऱ्या वर्गानं दोऱ्या वर धरल्या. आणि साऱ्या वर्गानं उजव्या हाताची अनामिका आत दुमडून घेतली. फोटोतल्या हाताला ते बोट नव्हतं, म्हणून दोरी अशीच धरायची असते असं मुलांनी धरून चाललं होतं. काहींची बोटं उघडायला बघत होती, तर ती डाव्या हातानं दाबून पुन्हा आत घालत होती. बाई हे रोज बघत होती. रोज बघूनही तिला ते दिसलं नव्हतं. आज मागच्या बाकावर कुणीतरी बसलं होतं म्हणून दिसलं.

थोरल्या बाई उठल्या. पुढच्या ओळीत एका मुलाची दोरी सारखी निसटत होती, कारण चार बोटांत ती मावत नव्हती. त्या त्याच्याजवळ वाकल्या. "अरे, असं नाही. ते बोट सोड. दे इकडे," म्हणत त्यांनी दोरी घेतली, आणि घेताना पदराखालून हात बाहेर आला.

शंकाबाई बाकावर चढली.

"बाई! तुमची ताई!"

पोरं उठली, भोवती जमली. "ताई, हात दाखवा." "ताई, दुखतं का हो?" "ताई, कडबा यंत्रातच गेलं ना बोट?"

साहेब दारातून आत आले. "अरे वा! बहीण का या तुमची? आणि गाडीत बोलल्या नाहीत त्या!"

बाईला फळ्याच्या मागे जावंसं वाटत होतं, पण फळ्याच्या मागे भिंत होती. थोरल्या बाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"हो," थोरल्या बाई म्हणाल्या. "लांबची आहे."

"आणि बोट?" शंकाबाई सोडते काय.

थोरल्या बाईंनी दोरी त्या मुलाच्या हातात परत दिली. "हो. यंत्रात गेलं."

मधल्या सुट्टीत साहेब हेडसरांच्या खोलीत चहाला बसले. त्या दोघी टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या. मुलं पाणी प्यायला येत होती आणि ताईंकडं बघून लाजत पळत होती.

"कडबा कापायचं यंत्र," थोरल्या बाई म्हणाल्या. "बरं सुचलं तुम्हाला."

"ताई, मी..." मग बाई सगळं सांगत गेली. जाळी फाटली ते, सासू पडली ते, बदल्या, खाडीपलीकडचं गाव, जिन्यावरची रेंज. थोरल्या बाई ऐकत राहिल्या. मध्येच "हं" म्हणायच्या, शिक्षक मुलाची सबब ऐकतात तसं.

"पाठ घेतलात त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "घ्यावा म्हणूनच ठेवला होता. कुणी घेतला की मला बरंच वाटतं. बोट माझं कुठं गेलं नाही बरं का. मुळातच नव्हतं. जन्मले तशीच."

त्यांनी हात उघडा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"लहानपणी आई म्हणायची, झाक तो. शाळेच्या फोटोत हात मागे. नोकरीला लागले तर मुलांना दिसू नये म्हणून डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. सगळी नोकरी डाव्या हातानं केली. हा पाठ केला तेव्हा फोटो माझी मुलगी काढत होती. ती म्हणाली, आई, माझा हात घेऊ का? म्हटलं, नको. आता घरी बसायची वेळ आली, आता कुणापासून झाकायचा? हाच घे, आणि खाली माझं नाव लिही. पूर्ण लिही."

बाई जमिनीकडं बघत होती. टाकीतून गळणारं पाणी तिच्या चपलेखाली साचलं होतं.

"ऑफिसात भिंतीवर हात दिसला. एवढा मोठा," थोरल्या बाई म्हणाल्या. "आणि खाली नाव तुमचं. वाटलं, आईनंच पुन्हा झाकला की काय."

"मी साहेबांना सांगते. आत्ता सांगते."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही. तुमच्या घरात आजारी माणूस आहे." त्यांनी पदर पुन्हा हाताभोवती घेतला. "मुलांची ती बोटं तेवढी सोडवा. धडधाकट बोटं दुमडून बसलीत बिचारी."

साहेबांची गाडी गेली तरी बाई तिथंच उभी होती. आत्ता सांगते म्हणाली होती, पण साहेब समोर हसत उभे राहिले, "छान वर्ग आहे हो," म्हणाले, आणि तिच्या तोंडून "थँक्यू सर" एवढंच आलं. त्याची आणखी वेगळी लाज.

संध्याकाळी ती जिन्यावर चढली. आधी पाठाचं पहिलं पान बदललं. आपलं नाव काढून तिथं थोरल्या बाईंचं नाव घातलं, पूर्ण. मग साहेबांना फोन लावला.

"त्यांची तक्रार आहे का?" सगळं ऐकून साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"मग कशाला सुखाचा जीव दुःखात घालता? त्यांचं काही म्हणणं नाही, मुलं शिकली, वर अहवाल गेला. कुणाचं काय बिघडलं?"

"त्यांचं बिघडलं, सर."

साहेब जरा चिडून म्हणाले, "सांगितलंत म्हणजे आता मला ऐकू आलं. ऐकलेलं मला न ऐकलेलं करता येत नाही. यादीतून नाव निघेल तुमचं. बदलीची तयारी ठेवा."

घरी नवरा जाळीचा शेवटचा टाका घालत होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. त्यानं ऐकलं, दाभण जाळीत खोचलं आणि म्हणाला, "तू सांगून मोकळी झालीस, बाई. आमचं काय?"

"फुकट ठेवलेलं होतं ते. मी नाव पुसलं."

"तेच म्हणतोय मी. फुकट होतं तर सरळ घ्यायचं होतं." तो उठला आणि उरलेली झारी वाफ्यांवर रिकामी करायला गेला. एका रोपावर धार जोरात पडली आणि ते आडवं झालं. त्यानं वाकून बोटानं माती सारून ते पुन्हा उभं केलं, पण बायकोकडं पाहिलं नाही.

सासूनं आत पडून सगळं ऐकलं होतं. बाईनं खाटेला गुडघा टेकला, काखेखालून हात घातले. सासूनं मानेला मिठी घातली.

"लोकाचं नाव पुसलंस?"

"हो, आई."

"आणि मी दिवसभर गावाला सांगत होते." सासूचा श्वास तिच्या गळ्याला गरम लागत होता. बाईनं उचललं. अर्ध्यात आल्यावर सासूची नखं रुतली आणि ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "आता मला कोण उचलणार गं?"

बाईनं सासूला नीट टेकवून बसवलं, पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला, आणि ती पिऊन होईतो धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं हजेरीही घेतली नाही. फळ्यावर एक नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, पूर्ण.

"हे कुणाचं नाव?" शंकाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"काल आल्या होत्या त्यांचं. दोरीचा पाठ त्यांनी केला आहे. मी नाही केला. मी त्यांचं नाव काढून माझं घातलं होतं." तिनं खडू खाली ठेवला. "त्या माझ्या बहीण नाहीत. त्यांचं बोट यंत्रात गेलं नाही. ते जन्मापासून तसंच आहे. ते मी खोटं सांगितलं. आणि दोरी धरताना तुम्ही बोट दुमडू नका. पाचही बोटांनी धरा."

मुलं आपापल्या हातांकडं बघू लागली. कुणी हळूच बोट सरळ केलं. दाव्याची दोरी कुणाच्या तरी हातून खाली पडली आणि कुणी उचलली नाही.

शंकाबाई उठली. आज ती बाकावर चढली नाही.

"मग त्या 'हो' का म्हणाल्या?"

"माझी लाज राखायला."

शंकाबाईनं यावर विचार केला. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, ते तोंडापर्यंत आलेलं दिसत होतं. पण ती विचारता विचारता थांबली, बाईच्या चेहऱ्यावरून तिची नजर खाली उतरली आणि तिथंच राहिली. साऱ्या वर्गाची नजर तिथं गेली. तेव्हा बाईनंही खाली पाहिलं.

तिचे दोन्ही हात पदराखाली होते.